टाकी अर्ध्यावर आली की बंद पडणारी डिझेल गाडी: आमच्या गाडीत हवा कुठून शिरत होती

आधी लक्षणं लिहितो, म्हणजे ज्याची गाडी असंच करते त्याला लगेच ओळखता येईल.

गाडी २००९ ची, आठ सीटर, कॉमन रेल डिझेल (म्हणजे पंप मोठ्या दाबाने डिझेल एका सामाईक नळीत, रेलमध्ये भरतो आणि तिथून ते इंजेक्टर इंजिनात फवारतात), चासीवर बॉडी बसवलेली. सकाळी पहिला सेल्फ लांब मारावा लागायचा, कधी आठ-दहा सेकंद, कधी दोन-तीनदा. एकदा सुरू झाली की गावात, सपाटीला काही तक्रार नाही. पण चढाला लागली आणि तिसऱ्या गियरमध्ये पाय दाबला की झटके मारायची, इंजिनची पिवळी लाइट लागायची आणि पिकअप जायचा. तसंच रेटलं तर बंद. दहा मिनिटं थांबून फिल्टरवरचा हँड पंप (हाताने दाबून डिझेल ओढायचा) मारला की परत चालू. आणि गॅरेजमधून आणली की पंधरा-वीस दिवस एकदम ठणठणीत!

दीड वर्षात हे सहा वेळा झालं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण शेवटी जे सापडलं त्यात दोष आमच्याकडच्या खाऱ्या हवेचा आणि पावसाचा होता. समुद्रकाठी पंधरा वर्षं उघड्यावर उभी राहिलेली कुठलीही डिझेल गाडी याच वाटेने जाऊ शकते.

आम्ही गुहागर तालुक्यातले. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, डोळ्यांच्या तपासणीसाठी दर महिन्याला कराडला न्यावं लागतं. रस्ता चिपळूणवरून, कुंभार्ली घाटाचा. पोफळी मागे टाकली की चढ सुरू होतो आणि बंद पडायची जागाही तिथेच. एकदा धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरताना रॅम्पवरच बंद पडली. ओहोटीची वेळ, रॅम्प उभा, मागे दोन गाड्या आणि रिक्षा खोळंबलेल्या. बोटीवरच्या पोरांनी ढकलून वर काढली. त्या दिवसापासून आईने गाडीत बसणं सोडलं, एसटीने जायला लागली. मला ते फार लागलं. गणपतीत मुंबईहून येणारी सगळी मंडळी ज्या गाडीतून घरी येतात, तीत घरचीच बाई बसायला घाबरते, हे काही बरोबर नव्हतं.

आम्ही काय काय केलं ते सांगतो, कारण बहुतेक जण याच क्रमाने जातात. पहिल्यांदा डिझेल फिल्टर बदलला. गाडी चांगली झाली, वीस दिवसांनी परत तेच. दुसऱ्यांदा फिल्टर आणि बॅटरी. तिसऱ्यांदा परत फिल्टर, शिवाय इंजेक्टर साफ करायचं म्हणून टाकीत ओतायचं एक औषध. चौथ्या वेळी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला. कोड आला पी ००८७, म्हणजे रेलमधला डिझेलचा दाब हवा त्यापेक्षा कमी. त्यावरून हाय प्रेशर पंप आणि चारही इंजेक्टर काढायला सांगितले. अंदाज ७० हजारांच्या वर. अण्णा म्हणाले, "एवढ्यात तर गाडी विकून मोकळे होऊ."

तो कोड खोटा नव्हता. पण कोड एवढंच सांगतो की दाब पडला. का पडला, हे तो सांगत नाही. पंप झिजला तरी दाब पडतो, इंजेक्टर मागे जास्त डिझेल सोडायला लागला तरी पडतो, आणि पंपाला खालून डिझेलच नीट मिळत नसेल तरीही पडतो. शेवटची शक्यता तपासायला सगळ्यात स्वस्त आणि बघितली जाते सगळ्यात शेवटी.

शृंगारतळीला एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना भाई म्हणतात. बोटींची इंजिनं करत करत गाड्यांकडे आलेले. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारला.

"अण्णा, बंद पडते तेव्हा टाकीत डिझेल किती असतं?"

आम्हाला सांगता येईना. काटा बघितला होता, पण लक्षात कोण ठेवतो? मात्र अण्णांची वही होती. २००९ पासून प्रत्येक वेळी डिझेल भरलं की तारीख, किलोमीटर, लिटर आणि पैसे हे त्यात लिहिलेलं, आणि गाडी बंद पडली की लाल पेनाने खूण. घरी येऊन रात्री ती वही घेऊन बसलो. टाकी ५५ लिटरची. सरासरी लिटरला १२ किलोमीटर. लाल खुणा आणि त्याआधीची टाकी फुल्ल केल्याची नोंद यातलं अंतर काढलं: ३४०, ३६५, ३९०, ३५५, ३१०, ३७०. म्हणजे दर वेळी साधारण २६ ते ३२ लिटर डिझेल संपलेलं. सहाच्या सहा वेळा टाकी अर्ध्याच्या आसपास किंवा खाली. त्यातला ३१० चा आकडा घाटातला, त्याचं कारण पुढे येतं.

आणि त्याच वहीत दुसरीही गोष्ट दिसली. गॅरेजमधून गाडी आणली की अण्णा थेट पंपावर नेऊन टाकी फुल्ल करायचे. प्रत्येक दुरुस्तीनंतर. गाडी बरी होत होती ती भरलेल्या टाकीमुळे, आणि श्रेय जात होतं नव्या फिल्टरला.

माझ्या मते या सगळ्यात ही वहीच सगळ्यात कामाचं हत्यार ठरली. तुमच्या गाडीचा त्रास असा येऊन-जाऊन असेल तर पान्याला हात लावायच्या आधी आठ-पंधरा दिवस नोंद ठेवा: काटा कुठे होता, चढ की सपाट, रात्रभर उभी होती की चालून गरम झालेली, पाऊस होता का. मिस्त्रीला हे चार मुद्दे नेऊन दिलेत तर अर्धं काम तिथेच होतं.

हवा कशी शिरते

ज्यांच्याकडे विहिरीवर मोटर आहे त्यांना हे लगेच समजेल. मोटर वर, पाणी खाली. ओढीच्या पाइपला कुठे बारीक चीर गेली तर तिथून पाणी गळत नाही, हवा आत शिरते. मग मोटर नुसती गरगरते, पाणी चढत नाही, आणि वरून पाणी ओतून पाइप भरावा लागतो. आमच्या गाडीच्या पिढीतल्या बऱ्याच डिझेल गाड्यांमध्ये टाकीत इलेक्ट्रिक पंप नसतो. पुढे इंजिनवरच्या हाय प्रेशर पंपाला जोडून एक छोटा गियर पंप असतो, तो मागच्या टाकीतून चासीवरच्या पाइपाने आणि फिल्टरमधून डिझेल ओढून घेतो. टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लाइन ओढीची. भाई म्हणाले, "खाली डिझेलचा डाग नाही म्हणून पाइप चांगला असं धरू नका. ही लाइन गळत नाही, ही हवा धरते."

आता अर्ध्या टाकीचं कोडं. टाकीच्या माथ्यावरच्या चकतीतून एक उभा पाइप खाली तळापर्यंत गेलेला असतो, टोकाला जाळी, बाजूला काट्याचा फ्लोट. या उभ्या पाइपला मध्यावर भोक पडलं तर टाकी भरलेली असताना भोकही डिझेलमध्ये बुडालेलं असतं, तिथूनही डिझेलच ओढलं जातं, काही कळत नाही. पातळी भोकाच्या खाली गेली की तेच भोक हवा ओढतं. सपाटीला डिझेल थोडं लागतं, ओढ कमी, हवा कमी, गाडी निभावून नेते. चढावर ओढ वाढते, हवाही वाढते, रेलमधला दाब पडतो आणि गाडीचा कॉम्प्युटर पिकअप काढून घेतो. घाटात नाक वर झालं की टाकीतलं डिझेल मागच्या बाजूला जमतं. आमच्या टाकीत पाइप थोडा पुढच्या अंगाला आहे, त्यामुळे टाकी अर्ध्याच्या किंचित वर असतानाही भोक उघडं पडायचं. ३१० किलोमीटरचा उलगडा असा झाला. सकाळच्या लांब सेल्फचं कारणही तेच: रात्री भोकातून हवा आत जाते, लाइनमधलं डिझेल हळूहळू मागे टाकीत उतरतं, आणि सकाळी पंपाला रिकाम्या पाइपातून ओढून आणावं लागतं. हे सगळं एका भोकात बसत होतं.

तरीही भाईंनी थेट टाकी उतरवली नाही. आधी बाहेरून तपासलं, आणि तो क्रम मला फार पटला.

पहिलं, फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढलं आणि बाटली कट्ट्यावर ठेवून दिली. चहा होईपर्यंत तळाशी बोटभर पाणी वेगळं झालं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते खालीच बसतं. पाण्याच्या वर, डिझेलला लागून, काळपट सायीसारखा पातळ थर होता. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात, त्याचा तो चिखल. जाळी आणि फिल्टर तोच तुंबवतो. फिल्टर बदलून दोन महिनेही झाले नव्हते. एवढं पाणी कुठून तरी येत होतं, हा दुसरा धागा मिळाला.

मग डिझेल भरायच्या तोंडाचं झाकण. झाकणातून किंवा वेगळ्या नळीतून टाकीत हवा यायची सोय असते. ती मातीने बुजली की तासभर चालवल्यावर टाकीत पोकळी होते आणि गाडी अडखळते. बंद पडल्यावर झाकण उघडून बघा. जोरात फुस्स आवाज आला आणि गाडी सुधारली तर शोध तिथेच संपला. आमच्याकडे आवाज नव्हता.

त्यानंतर पारदर्शक नळी. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक, डिझेलला चालणारी नळी घट्ट क्लिपा लावून जोडली. टाकीत तेव्हा पाव टाकी डिझेल, मुद्दाम तसंच ठेवलेलं. गाडी सुरू केली. पहिले काही बुडबुडे सगळ्याच गाड्यांत येतात, नळी जोडताना शिरलेली हवा ती, दोन-तीन मिनिटांत जायला हवी. आमची गेली नाही. आयडलला मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक, आणि भाईंनी रेस वाढवली तसे ते सलग धार होऊन वाहू लागले. मी नळीवर टॉर्च धरून उभा होतो. दीड वर्ष ज्याच्या मागे फिरलो ते डोळ्यांसमोरून वाहत होतं. ही नळी तपासणीपुरतीच. कायमची ठेवू नका, उष्णतेने कडक होऊन तडकते.

हवा आहे हे कळलं, पण कुठून? त्यासाठी पाच लिटरचा स्वच्छ कॅन. टाकीकडून येणारा पाइप फिल्टरच्या तोंडाशी सोडवला आणि तिथे एक नवी नळी लावून ती कॅनमध्ये बुडवली. रिटर्नची, म्हणजे न वापरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी नळीही कॅनमध्येच घेतली. हे विसरलात तर कॅनमधलं डिझेल परत टाकीत जातं आणि कॅन बघता बघता रिकामा होतो. हवा काढून गाडी सुरू केली. बुडबुडे बंद. रेस वाढवली, तरी बंद. स्कॅनरवर मागणीचा दाब आणि प्रत्यक्ष दाब एकमेकांना धरून चालले. म्हणजे फिल्टर, पंप, इंजेक्टर सगळे शाबूत. बिघाड फिल्टरच्या मागे, टाकीकडच्या बाजूला. ७० हजारांच्या अंदाजाचं उत्तर एका कॅनने दिलं. हा प्रयोग गाडी उभी ठेवूनच करा, कॅन घेऊन रस्त्यावर जाऊ नका.

कॅनवर चालवूनही दाब पडला असता तर पुढची पायरी इंजेक्टरच्या रिटर्नची: चारही इंजेक्टरच्या रिटर्नला वेगवेगळ्या बाटल्या लावायच्या आणि कुठली जास्त भरते ते बघायचं. एक बाटली बाकीच्यांच्या कितीतरी पुढे गेली तर तो इंजेक्टर डिझेल मागे सोडतो आहे. पण ते काम मिस्त्रीचं.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. जुन्या डिझेल गाड्यांत नोजलचा नट सैल करून, सेल्फ मारून हवा काढायची सवय अनेकांच्या हाताला आहे. कॉमन रेलवर ते कधीही करू नका. रेलमधला दाब आयडलला सुद्धा काहीशे बार असतो, जोरात १००० च्या वर जातो. त्या दाबाची केसाएवढी धार कातडी भेदून आत जाते. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, आत डिझेल पसरतं आणि बोट, हात गमवायची वेळ येते. असं झालं तर दुखायची वाट न बघता तातडीने मोठ्या दवाखान्यात जा आणि दाबाने डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा. हवा काढायची ती हँड पंपाने, फिल्टरपाशी, इंजिन बंद ठेवून.

टाकी उतरवली तेव्हा

काही गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असतं, आमच्यात नाही. उरलेलं डिझेल काढून, पट्टे सोडून टाकी खाली घ्यावी लागली. टाकीच्या माथ्यावर, जिथे गाडी धुताना कधी पाण्याचा फवारा पोचत नाही, तिथे तांबड्या मातीचा जाड थर. जांभ्याची माती, पंधरा पावसाळ्यांची, खाऱ्या हवेने कायम दमट. ती खरवडल्यावर खालची लोखंडी चकती दिसली, ज्यातून उभा पाइप आत जातो. तिची कड गंजून पापुद्रे सुटले होते, आणि खालचं रबरी कडं बसून कडक झालं होतं. फिल्टरमधलं पाणी इथून येत होतं. पावसात चाकांनी उडवलेलं पाणी मातीत मुरायचं आणि कड्याच्या फटीतून टाकीत झिरपायचं.

पाइप बाहेर काढला. वरून बघताना धड दिसत होता. मध्यावर फ्लोटच्या पट्टीला धरणारी एक क्लिप होती. भाईंनी ती सरकवली आणि नखाने खरवडलं, तर करड्या पाइपावर तपकिरी ठिपका मोकळा झाला, तिळाएवढा. पाइपाचं खालचं तोंड अंगठ्याने बंद करून, वरून सायकलच्या पंपाची नळी लावून, मधला भाग परातीतल्या डिझेलमध्ये बुडवला. एकच दाब दिला. तिळातून बुडबुड्यांची माळ वर आली. अण्णा बाजूच्या स्टुलावर बसून बघत होते. काही बोलले नाहीत, वहीत तारीख घातली.

गंज नेमका क्लिपखालीच का, तर फटीत अडकलेला ओलावा सुकत नाही. चासीवरही हेच. लोखंडी पाइप मोकळा असतो तिथे टिकतो आणि क्लिपने दाबलेला असतो तिथे गंज खातो. तुमच्या गाडीखाली बघायचं असेल तर आधी क्लिपा बघा.

भोकाला एम-सील लावून चालेल का, असं मी विचारलं. भाईंनी मान हलवली. ते सुटून जाळीत अडकलं तर घाटात नवा त्रास, आणि शेजारी गंजलेला पाइप दोन महिन्यांत दुसरीकडे फुटणार. टाकीच्या माथ्याला वेल्डिंग करायचं तर त्यांनी नावच काढू दिलं नाही. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत वाफ असते, ठिणगीने ती फुटते. नवं युनिट पाइप, जाळी, फ्लोटसकट कोल्हापूरहून मागवलं. नवं रबरी कडं टाकलं, टाकी आतून धुऊन सुकवली, माथा घासून गंजरोधक रंग दिला, टाकीजवळची रबरी नळी आणि क्लिपा बदलल्या, आणि फिल्टर परत एकदा नवा. सगळं मिळून नऊ हजारांच्या आत.

तुमच्याकडे भोक टाकीतच असेल असं नाही. टाकी भरलेली असतानाही बुडबुडे येत असतील तर चासीवरचा पाइप, फिल्टरची वरची सील, हँड पंपाची सील आणि बँजो बोल्टचे (डिझेलची नळी जोडणारा पोकळ बोल्ट) वायसर आधी बघा. फिल्टर बदलताना जुनं वायसर परत लावणं ही फार नेहमीची चूक आहे. पण "टाकी भरली की बरी, उतरली की आजारी" असं असेल तर टाकीतला उभा पाइप, यात मला शंका वाटत नाही.

हवा धरलेली गाडी तशीच दामटू नका. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. हवा जात राहिली की तो कोरडा घासतो, लोखंडाचा चुरा सुटतो, चुरा इंजेक्टरमध्ये जातो, आणि मग तो ७० हजारांचा अंदाज खरोखर द्यावा लागतो. सेल्फही एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये थोडं थांबा. इंजिनात उडवायचे स्टार्टिंग स्प्रे हीटर प्लगच्या (सुरू होताना इंजिन आतून तापवणारे प्लग) डिझेल गाडीला अजिबात नको.

पावसाळ्यात आम्ही आता दर महिन्याला फिल्टरचं पाणी काढतो. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवतो. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं टाकीच्या भिंतींवर पाणी होतं, भरलेल्या टाकीत त्याला जागाच नसते. पाहुण्यांपैकी कुणी वाळूत गाडी घातली तर त्याच संध्याकाळी खालून गोड्या पाण्याने धुतो, टाकीच्या माथ्यावर पाइप घालून. आणि काहींचा एक गैरसमज दूर करतो: हल्ली इंधनात इथेनॉल येतं म्हणून पाणी होतं, असं मला दोघा-तिघांनी सांगितलं. वीस टक्के इथेनॉलचं जे चाललंय ते पेट्रोलचं. आमच्या डिझेलच्या टाकीत पाणी गेलं ते गंजलेल्या कड्यातून.

दुरुस्तीनंतर टाकी फुल्ल करायला अण्णांना मीच थांबवलं. पाव टाकीवर कुंभार्ली चढून हेळवाकपर्यंत गेलो, तिसऱ्या गियरमध्ये, पाय दाबून, पिवळी लाइट न लागता. पुढच्या महिन्यात कराडला जाताना आई मधल्या सीटवर होती. वहीत त्या दिवशी अण्णांनी फक्त लिहिलं आहे: "टाकी पाव. घाट चढली."

रिटर्नच्या लोखंडी पाइपावर दोन क्लिपांखाली अजून गंज दिसतो आहे. भोक पडलेलं नाही, पण तो भाग मे संपायच्या आत बदलून घ्यायचा आहे, भाईंकडे तारीख लावून ठेवली आहे.